बहिरी ससाण्याची पातळ अंडी (आणि आपल्याकडची घुबडं)

डोंगरसखा

मागच्या आठवड्यात 'पक्षी ओळखा'वर बहिरी ससाण्याचा विषय निघाला तेव्हा कुणीतरी लिहिलं होतं, "हे डीडीटी पोटात जाऊन मेले ना सगळे?" तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. 'पोटात जाऊन मेले' हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं जास्त भारी आहे.

गोष्ट ब्रिटनमधली. तिथे शर्यतीची कबुतरं पाळायचा नाद मोठा, आणि बहिरी ससाण्याचं आवडतं खाणं म्हणजे कबुतर. दुसऱ्या महायुद्धात सैन्याची निरोप नेणारी कबुतरं ससाणे मारतात म्हणून १९४० साली सरकारनेच ससाणे मारायचा हुकूम काढला होता. शेकडो मारले. युद्ध संपल्यावर पक्षी हळूहळू सावरत होते. अशात १९६० च्या सुमारास कबुतरवाल्यांनी गृहखात्याकडे तक्रार नेली: ससाणे माजलेत, आमची कबुतरं उरत नाहीत, त्यांचं कायदेशीर संरक्षण काढून घ्या. सरकार म्हणालं, आधी मोजून तर बघू. काम आलं ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी या पक्षी-अभ्यासाच्या संस्थेकडे आणि तिथून डेरेक रॅटक्लिफ या माणसाकडे. १९६१-६२ मध्ये मोजणी झाली आणि निघालं भलतंच. दक्षिण इंग्लंडातले पिढ्यानपिढ्या नांदते कडे ओस पडले होते. १९६३ पर्यंत देशभरात युद्धापूर्वीच्या निम्म्यासुद्धा जोड्या उरल्या नव्हत्या. ससाणे कमी करा म्हणून केलेल्या तक्रारीमुळे ते संपत चाललेत हे कळलं!

पूर्ण वाढलेले ससाणे पटापट मेले ते मुख्यतः आल्ड्रिन आणि डिएल्ड्रिन या कीटकनाशकांमुळे. ५० च्या दशकाच्या मध्यापासून ही औषधं पेरणीच्या बियाण्याला चोळायची पद्धत पडली. बी कबुतरांनी टिपायचं, कबुतर ससाण्याने. १९५९-६० च्या हिवाळ्यात तर पूर्व इंग्लंडात कोल्हेसुद्धा तडफडून मेले, तेव्हा कुठे लोक हलले.

पण रॅटक्लिफना त्याच्या बऱ्याच आधीपासून एक गोष्ट खटकत होती. कड्यावरच्या घरट्यांत फुटकी अंडी सापडत होती. मादी आपलंच फुटलेलं अंडं खाताना दिसे. पूर्वी असं क्वचित व्हायचं. मग हा गडी गेला कुठे, तर संग्रहालयांत आणि अंडी जमवणाऱ्या शौकिनांकडे. इंग्रजांना हा एक विचित्र छंद होता. कड्यावरून अंडी उतरवायची, बारीक भोक पाडून आतला बलक फुंकून काढायचा, रिकामं कवच कापसात ठेवायचं आणि शेजारी चिठ्ठी: तारीख, जागा, किती अंड्यांतलं. १९५४ च्या कायद्याने या छंदावर गदा आली, पण जुने खण तसेच होते. रॅटक्लिफनी ती कवचं तराजूत घातली. वजन मिलिग्रॅममध्ये, त्याला अंड्याच्या लांबी-रुंदीच्या गुणाकाराने भागायचं, बस. शाळेतलं पोर करेल असं गणित. कितीतरी वर्षं आकडा जवळपास एका रेषेत चालतो आणि १९४७ च्या आसपास एकदम खाली येतो. बहिरी ससाण्यात सुमारे १९ टक्के घट. युद्धानंतर डीडीटी हे कीटकनाशक शेतात आणि बाजारात आलं तो हाच काळ. १९६७ मध्ये हे 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतून हिकी आणि अँडरसन यांनी तिकडच्या अंड्यांत तेच दाखवलं.

डीडीटीचं शरीरात डीडीई होतं, ते चरबीत मुरतं आणि कवच बनवणाऱ्या ग्रंथीतून कवचाला पुरेसं कॅल्शियम पोचू देत नाही. म्हणजे मादी ठणठणीत आहे. जोडीदार मिळवते, अंडी घालते, उबवायला बसते आणि स्वतःच्या वजनाने अंडी फोडते. मेलेला ससाणा निदान कुणाच्या दृष्टीस तरी पडतो. इथे दिसण्यासारखं काहीच नव्हतं.

आता प्रश्न. आपल्याकडे सह्याद्रीच्या कड्यांवर शाहीन (बहिरीचाच इथला भाऊबंद) आहे, किनाऱ्यावर समुद्रगरुड आहे, हिवाळ्यात सैबेरियाकडून बहिरी येतो. यांच्या अंगात काय काय साठलंय हे कुणी पाहतंय का? माहीतगारांनी लिहा.

---

वेडाराघू

वा! वाचनखूण साठवली. कबुतरवाल्यांचा किस्सा माहीत नव्हता.

एक बाळबोध शंका. डीडीटी तर सगळीकडेच होतं. मग कोंबड्यांची अंडी का नाही फुटली? कबुतरांची?

---

रसायनवाला

@वेडाराघू, शंका बाळबोध अजिबात नाही, तेव्हाच्या शास्त्रज्ञांनाही हीच आडवी आली होती. कारखानदारांची माणसं कोंबड्यांवर आणि लाव्यांवर केलेले प्रयोग दाखवून म्हणायची, बघा, काही होत नाही. कोंबडीवर्गातल्या पक्ष्यांच्या कवचावर डीडीईचा फारसा परिणाम होतच नाही. शिकारी पक्षी, बगळे, पेलिकन यांच्यावर होतो. प्रत्येक गटाची ग्रंथी वेगळी वागते.

दुसरं म्हणजे साखळीतली जागा. हे रेणू पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून लघवीवाटे बाहेर पडत नाहीत. चरबीत विरघळतात आणि तिथेच मुक्काम ठोकतात. किड्यात थोडं. असे शेकडो किडे खाणाऱ्या चिमणीत त्याहून जास्त. चिमण्या खाणाऱ्या शिक्र्यात त्याच्याही वर. पाण्यातली साखळी आणखी लांब असते (शेवाळ, कोळंबी, छोटा मासा, मोठा मासा), म्हणून मासेखाऊ गरुडांची अवस्था सगळ्यात वाईट. अमेरिकेत बाल्ड ईगल, म्हणजे त्यांचा राष्ट्रीय पक्षी, अलास्का सोडून १९६३ मध्ये ४१७ जोड्यांवर आला होता. १९७२ मध्ये तिथे डीडीटीवर बंदी आली, २००७ मध्ये पक्षी धोक्याच्या यादीतून बाहेर. तेव्हा ९,७०० च्या वर जोड्या होत्या.

कवच किती पातळ झालं की संपलं? साधारण १७-१८ टक्क्यांच्या वर घट बरीच वर्षं टिकली की ससाण्यांची संख्या घसरायला लागते. ब्रिटनमधला आकडा या रेषेच्या जेमतेम पलीकडे होता. त्यामुळे विष थांबल्यावर पक्षी परतही आला. २०१४ च्या मोजणीत तिथे १,७६९ जोड्या भरल्या. आता लंडनच्या उंच इमारतींवर घरटी करतात.

---

शंकासुर

नेहमीचं पुराण. डीडीटीने जगात किती जीव वाचवले याचा हिशोब कुणी मांडणार का? चार ससाण्यांसाठी गरिबांच्या पोरांना मलेरियाने मरू द्यायचं, आणि वर एसीत बसून धागे काढायचे.

---

जुनाखोड

शंकासुर, मी तालुक्याच्या हिवताप विभागात नोकरी केलेली आहे, तेव्हा दोन शब्द लिहितो.

डीडीटीने माणसं वाचली यात वाद नाही. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण धरले जात. साठच्या दशकाच्या मध्याला ते लाखाच्या घरात आले. आमची माणसं खांद्याला पंप लावून वाड्यावस्त्यांवर जायची, आतल्या भिंती, गोठा, आढं फवारायची आणि दारावर गेरूने तारीख टाकायची. बायका ओरडायच्या, नुकतंच सारवलंय म्हणून. फवारलेल्या भिंतीला दोन-अडीच महिने हात लावू नका, सारवू नका, असं सांगून घसा बसायचा. दिवाळीच्या तोंडावर कोण ऐकतंय.

पण हे घराच्या आतलं काम. भिंतीला ग्रॅमात मोजून औषध. शेतात तेच औषध पोत्यांनी जात होतं. तिथूनच ते ओढ्याला, माशाला, पक्ष्याला लागलं. आणि शेतातल्या त्या माऱ्याने डासही निर्ढावले. ७० च्या दशकात मलेरिया उसळून परत आला त्याला हेही एक कारण. म्हणजे शेतात उधळलं म्हणून दवाखान्याचं हत्यार बोथट झालं. यात पक्षी विरुद्ध गरीब कुठे आलं? आपल्याकडे शेतीतला वापर १९८९ मध्ये बंद केला, आरोग्य खात्यासाठी चालू ठेवला. स्टॉकहोम करारातही (अशा टिकाऊ विषांवरचा आंतरराष्ट्रीय करार) रोगनियंत्रणासाठी सूट आहे, आणि ती भारताने घेतली होती.

---

शंकासुर

शेतीतल्या वापराचा मुद्दा मान्य. पण पाश्चात्त्यांनी आधी स्वतःचा मलेरिया संपवला आणि मग बंदी आणली, हेही लिहा की.

---

जुनाखोड

लिहिलं समजा. खरंच आहे ते.

---

कोकणातला_पाहुणा

अवांतर: सरकारी हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सचा एक डीडीटीचा कारखाना आपल्याच रसायनीत होता. पाताळगंगेच्या काठी. पनवेलहून खोपोलीला जाताना तो वास लहानपणी ठरलेला असायचा (तो नेमका कुठल्या कारखान्याचा ते देव जाणे, तिथे डझनावारी आहेत).

---

बाल्टिककर

स्वीडनमध्ये पंधरा वर्षं झाली, म्हणून इथली भर घालतो.

इथे सुरुवात डीडीटीने नाही, पाऱ्याने झाली. बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून मिथाइल पारा लावत. ५० च्या दशकात शेतात पक्षी मरून पडायला लागले. शास्त्रज्ञांनी संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या पक्ष्यांची पिसं तपासली. पीस वाढतं तेव्हा रक्तातला पारा त्यात अडकतो आणि मग हलत नाही, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचा पाराही आज मोजता येतो. पिसांनी सरळ सांगितलं की वाढ १९४० नंतरची. १९६६ मध्ये ते बियाणं-औषध बंद झालं.

मग बाल्टिक समुद्राकाठचे पांढऱ्या शेपटीचे समुद्रगरुड. डीडीटी आणि पीसीबी (हे कीटकनाशक नव्हेच, ट्रान्सफॉर्मरमधलं तेल) दोन्हीचा मारा. घरटी होती, जोड्या होत्या, पिल्लं नव्हती. ७० च्या दशकात एक अफलातून उपाय केला. हिवाळ्यात कत्तलखान्यातून आणि शेतांवरून स्वच्छ मांस आणून बर्फावर टाकायचे, म्हणजे गरुड तेवढे दिवस तरी समुद्रातलं विषारी खाणं कमी खातील आणि तरुण पक्षी हिवाळा काढतील. स्वयंसेवक वर्षानुवर्षं बर्फातून डुकरं ओढत होते. विषांवर बंदी येऊनही पिल्लं वाढायला ८० चं दशक उजाडलं. आता भरपूर आहेत, आमच्या गावावरूनही उडतात.

पण समुद्र अजून स्वच्छ नाही. बाल्टिकमधला चरबीवाला हेरिंग लहान मुलांनी आणि पुढे मूल होऊ शकेल अशा बायकांनी वर्षातून दोन-तीनदाच खावा असा इथल्या अन्न खात्याचा सल्ला आहे. बायको बाळंतपणाआधी नर्सने दिलेला कागद घेऊन आली आणि म्हणाली, गरुडाच्या रांगेत आपणही आहोत म्हणायचे.

---

वेडाराघू

बाल्टिककर, शेवटचं वाक्य _/\_

पण मग डीडीटी गेलं म्हणजे सुटलो का?

---

रसायनवाला

छे. रांगेतला पुढचा उभाच असतो. २००४ मध्ये स्वीडनमधल्याच बहिरी ससाण्यांच्या अंड्यांत डेका-बीडीई सापडलं. टीव्ही, गाद्या, पडदे पेट घेऊ नयेत म्हणून घालायचं रसायन. तोवर समज असा होता की हा रेणू इतका अवजड आहे की सजीवात शिरणारच नाही. शिरला. पिंजऱ्यात वाढवून कोंबडीची पिल्लं खाऊ घातलेल्या ससाण्यांच्या अंड्यांत मात्र नगण्य. म्हणजे खाण्यातूनच येतंय.

---

पशुवैद्य_पूर्णवेळ

धाग्यात गिधाडांचा उल्लेख कसा नाही याचं आश्चर्य वाटत होतं, आणि तो आला की घोटाळा होणार हेही माहीत होतं, म्हणून आधीच लिहितो. डायक्लोफेनॅक (गुरांना द्यायचे ते वेदनाशामक) साठत नाही. जनावराला इंजेक्शन दिलं, एक-दोन दिवसांत ते मेलं आणि गिधाडांनी फाडलं, तरच धोका. गिधाडाचं मूत्रपिंड बंद पडतं, युरिक ॲसिड रक्तात चढतं आणि काळीज-यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर बसतो. एकदा शवविच्छेदनात पाहिलं की विसरत नाही. काही दिवसांत पक्षी खलास.

ससाण्यात थेंबाथेंबाने वर्षं लागली. इथे एक जेवण पुरलं. शंभरातल्या एखाद्याच मढ्यात औषध असलं तरी पुरे, कारण एका मढ्यावर अख्खा थवा उतरतो. म्हणून पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ मध्ये ९९.९ टक्के गेली. कारण सापडायला २००४ उजाडलं, कारण सगळे आधी डीडीटीसारखं काहीतरी किंवा विषाणू शोधत बसले होते. २००६ ला जनावरांसाठी बंदी, मग माणसांसाठीच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात यायला लागल्या म्हणून २०१५ ला ३ मिलीची मर्यादा, २०२३ ला किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक ही तशीच वेदनाशामकंही बंद. मेलॉक्सिकॅम वापरा, गाईलाही चालतं, गिधाडालाही.

रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला लोकांनी गिधाडांची वस्ती जपली आहे. त्यावर वेगळा धागा हवा.

---

ऊसकरी

नमस्कार. वाचनमात्र होतो, आज लिहितोय.

आमच्याकडे ऊस आहे. उंदरांनी जीव नकोसा केलाय. मोटारीच्या पडक्या खोलीत गव्हाणी घुबडाची जोडी आहे, आजोबांपासून. आधी घरचे अपशकुनी म्हणायचे, आता मीच कुणाला हाकलू देत नाही. यंदा दुकानदाराने निळ्या रंगाचे केक दिले, ब्रोमाडिओलोन लिहिलंय. उंदीर लगेच मरत नाहीत, चार-पाच दिवस झिंगल्यागत फिरतात. तेच घुबड उचलणार ना? हे साठणाऱ्यातलं आहे का गिधाडातलं?

---

रसायनवाला

@ऊसकरी, दादा, या धाग्यावरचा सगळ्यात नेमका प्रश्न.

दुर्दैवाने साठणाऱ्यातलं. ब्रोमाडिओलोन, ब्रोडिफॅकूम ही रक्त न गोठू देणारी औषधं. यकृतात जाऊन बसतात आणि महिनोन्महिने राहतात. एका उंदराने घुबड मरेलच असं नाही. पण रोज एक झिंगलेला उंदीर (आणि झिंगलेलाच आधी सापडतो) म्हटलं की बेरीज होत जाते. मग एखादी साधी जखम झाली तरी रक्त थांबत नाही.

जुनं काळं झिंक फॉस्फाईड त्या मानाने वेगळं. पोटातल्या आम्लाशी मिळून वायू होतो, उंदीर काही तासांत मरतो, अंगात फारसं उरत नाही. पण ते दाण्याला लावून उघड्यावर टाकलं की मोर, लावे, तितर मरतात. कुत्रीही.

---

जर्सीसिटीकर

न्यूयॉर्कचा फ्लॅको आठवला. २०२३ च्या फेब्रुवारीत सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयातून सुटलेलं मोठं घुबड, वर्षभर मॅनहॅटनमध्ये उंदीर मारून जगलं, शहराचा लाडका. २०२४ च्या फेब्रुवारीत इमारतीवर आदळून पडलं म्हणाले. शवविच्छेदनात कबुतरांकडून लागलेला विषाणू आणि चार वेगवेगळी उंदीर-औषधं निघाली. चार!

---

डोंगरसखा

सगळ्यांचे आभार, धागा कुठच्या कुठे गेला.

माझ्याच प्रश्नावर थोडं. आपल्याकडे काहीच काम नाही असं नाही. भरतपूरला ८० च्या दशकाच्या शेवटी सारस आणि होले मरत होते, तेव्हा पक्षी-संशोधकांनी आसपासच्या शेतातलं आल्ड्रिन पकडलं होतं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कोकण किनाऱ्यावरच्या समुद्रगरुडांची घरटी नोंदवली आहेत, गिधाडांचीही. म्हणजे घरटी कुठे आहेत हे ठाऊक आहे. अंड्यात काय आहे, हे वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने मोजलं तरच रॅटक्लिफसारखी रेघ ओढता येते.

जुनी अंडी आहेत बरं का. ह्यूमसाहेबाने (ब्रिटिश अधिकारी आणि पक्ष्यांचा मोठा संग्राहक) हिंदुस्थानभरातून जमवलेली हजारो अंडी १८८५ मध्ये लंडनच्या संग्रहालयाला दिली. मुंबईत बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) संग्रहातही अंडी आहेत. एक टोक हातात आहे. आजचं टोक आणायचं तर जिवंत अंड्याला हात लावायची गरज नाही आणि लावूही नये. न उबलेलं अंडं आणि मेलेला पक्षी पुरतो. ब्रिटनमध्ये ६० च्या दशकापासून ही सोय आहे. लोकांना रस्त्यात मेलेला ससाणा किंवा घुबड सापडलं की ते सरळ टपालाने प्रयोगशाळेला पाठवतात आणि तिथे त्याचं यकृत तपासतात. साठ वर्षांचा हिशोब असा पार्सलांवर उभा आहे.

---

शंकासुर

आपल्या टपालखात्यात घुबडाचं पार्सल! पत्ता वाचायच्या आधी कारकून पळून जाईल.

---

पशुवैद्य_पूर्णवेळ

हसलो, पण तसं करू नका. वन्यजीव कायद्याखाली मेलेला पक्षी किंवा त्याचं पीसही परवानगीशिवाय उचलता येत नाही. वनखात्याला १९२६ वर फोन करायचा, फोटो काढायचा, आणि "शवविच्छेदन करा, यकृत राखून ठेवा" हे आग्रहाने सांगायचं. नाहीतर पंचनामा होऊन पक्षी जाळला जातो आणि कारणाच्या रकान्यात 'अज्ञात' पडतं. असे अज्ञात मी खूप पाहिलेत.

---

ऊसकरी

बरं पण केकचं काय करू? तीन डबे आणून ठेवलेत.

---

जुनाखोड

ते डबे दुकानदाराला परत करा, घेत नसेल तर घरात पोराबाळांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा, शेतात उघडे टाकू नका.

आमच्या गावात असं करतात: संध्याकाळी बांधावरची सगळी बिळं मातीने बुजवायची. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू. तेवढ्याच बिळांत काळं औषध लावलेला भरडा आत खोल सरकवायचा आणि तोंड परत बंद. त्याआधी दोन दिवस नुसता तेल लावलेला भरडा, म्हणजे उंदराचा वहीम जातो. रोज सकाळी फेरी मारून वर मेलेला उंदीर दिसला की लगेच खोल पुरायचा. आणि हे शेजारच्यांनी त्याच आठवड्यात केलं नाही तर काही उपयोग नाही, त्यांचे उंदीर तुमच्याकडे येणार.

---

ऊसकरी

शेजारी भाऊबंद आहेत. बोलणं बंद आहे. 😀 बघतो तिसऱ्याकडून निरोप धाडून.

---

वेडाराघू

ऊसकरी, मोटारीच्या खोलीखाली घुबडांनी ओकलेल्या केसाळ गोळ्या पडत असतील. त्या फोडून आतल्या कवट्या मोजल्या की ते किती आणि कुठले उंदीर खातात ते कळतं. हातमोजे घालून करा आणि फोटो इथे टाका, ओळखायला मदत करतो. खोलीत दिवा मात्र लावू नका, जानेवारीपर्यंत पिल्लं असू शकतात.